इंग्रजीतला ‘स्किझम’: उच्चार, मूळ आणि मराठीत कुठे काय लिहावे?

अक्षरयात्री

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावरच्या इंग्रजी मजकुराचा अनुवाद हातात आहे. ‘स्किझम’ हा शब्द (स्पेलिंग एस-सी-एच-आय-एस-एम) त्यात जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो. कोशांत फूट, भेद, दुफळी, पंथभेद असे सगळेच प्रतिशब्द एका ओळीत दिलेले असतात. कुठे कोणता बसतो हे त्यावरून कळत नाही. अडलेल्या जागा अशा:

उच्चार ‘सिझम’, ‘स्किझम’ की ‘शिझम’? तिन्ही कानावर येतात.

‘कॅझम’ आणि ‘रिफ्ट’ यांनाही कोशात ‘दरी, भेग, दुरावा’ असेच अर्थ आहेत. कॅझम आणि स्किझम यांचे स्पेलिंगही जवळचे दिसते. दोघांचे मूळ एकच का?

‘हेरेसी’ आणि ‘स्किझम’ हे दोन आरोप बऱ्याचदा एकाच वाक्यात शेजारी शेजारी असतात. दोन्हींना ‘पाखंड’ म्हटले तर काय बिघडेल?

शिवाय ‘ग्रेट स्किझम’ एका प्रकरणात १०५४ सालचा आहे आणि दुसऱ्यात १३७८ सालचा. हा मुद्रणदोष समजायचा का?

धातुपाठ

आधी उच्चार. ‘सिझम’ हा जुना. चौदाव्या शतकात हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ‘क’ नव्हताच. सोळाव्या शतकात ग्रीक-लॅटिन मूळ डोळ्यांना दिसावे म्हणून स्पेलिंगमध्ये सी-एच घातले गेले, पण लोक ‘सिझम’च म्हणत राहिले. पुढे स्पेलिंग पाहून ‘स्किझम’ म्हणायची रीत पडली आणि आता ब्रिटन-अमेरिकेत तीच जास्त चालते. दोन्ही उच्चार कोशमान्य आहेत. ‘शिझम’ काही कोशांत शेवटी नोंदलेला सापडतो. तो टाळलेला बरा. देवनागरीत लिहायची वेळ आली तर ‘स्किझम’ लिहा, कारण त्याच घराण्यातला ‘स्किझोफ्रेनिया’ मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. यातला ‘झ’ ‘झरा’मधला, ‘झिम्मा’मधला नाही.

आता मूळ. ग्रीक क्रियापद ‘स्खिझो’ म्हणजे चिरणे, फाडणे. त्यावरून ‘स्खिस्मा’ म्हणजे चीर, फाटलेली जागा. नव्या करारात हा शब्द अगदी साध्या अर्थाने येतो: जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले तर ते जास्तच फाटते (मत्तय ९:१६), त्यातले ‘फाटणे’ म्हणजे स्खिस्मा. मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला (मत्तय २७:५१), तिथे हेच क्रियापद आहे. आणि पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की तुमच्यात फुटी पडू देऊ नका (१ करिंथ १:१०), तिथे तोच शब्द माणसांना लागतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात या ओवीत साधा ‘डिव्हिजन’ आहे. ‘स्किझम’ येतो तो बाराव्या अध्यायात, शरीर आणि अवयवांच्या दृष्टांतात (१२:२५). दोन्ही ठिकाणी ग्रीक शब्द एकच.

यातून शब्दाचा गाभा हाती लागतो. जे फाटले ते आधी एकसंध होते. मुळात वेगळ्या असलेल्या दोन गोष्टींमधल्या अंतराला स्किझम म्हणत नाहीत. गरीब आणि श्रीमंत यांच्यात स्किझम नसतो. एका मंडळीत, एका संघात, एका पक्षात तो पडतो.

हे मूळ आपल्याला परकेही नाही. ग्रीक स्खिझो, लॅटिन ‘स्किन्देरे’ आणि संस्कृत ‘छिद्’ ही एकाच भारोपीय धातूची रूपे आहेत. पाणिनीय धातुपाठात अर्थ दिला आहे ‘छिदिर् द्वैधीकरणे’, म्हणजे दोन करणे. छेद, छिद्र, छिन्न, विच्छेद, परिच्छेद हे सगळे त्याचेच. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव पुढे आणले. मराठीत त्याला ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो तेव्हा ग्रीक धातूच्या जागी त्याचाच संस्कृत सख्खा भाऊ बसलेला असतो. ब्लॉयलर यांना मनाच्या निरनिराळ्या व्यापारांची आपसातली जोड सुटणे अभिप्रेत होते. एका देहात दोन व्यक्तिमत्त्वे हा अर्थ चुकीचा आहे आणि तो ‘फाटणे’ या कल्पनेच्या ढोबळ वापरातून पसरला.

याच घराण्यातले आणखी दोघे. पापुद्रे सुटणारा ‘शिस्ट’ हा खडक, जो सिंधुदुर्ग-गोव्याकडे आढळतो. आणि पाश्चात्त्य संगीतशास्त्रातला ‘स्किझ्मा’, म्हणजे पायथागोरसचा कॉमा आणि ८१:८० चा कॉमा या दोन छोट्या स्वरांतरांतला सूक्ष्म फरक: गुणोत्तर ३२८०५:३२७६८, साधारण १.९५ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). ८१:८० हा कॉमा आपल्याकडच्या श्रुतिचर्चेत ‘प्रमाणश्रुती’ म्हणून येतो, त्यामुळे श्रुतींवरच्या इंग्रजी लेखनात हा स्किझ्मा भेटला तर त्याला ‘फूट’ करून टाकू नका. ते एका स्वरांतराचे नाव आहे.

‘सिझर्स’ मात्र या घरातले नाहीत. कात्रीचा हा शब्द लॅटिन ‘काएदेरे’ (कापणे) वरून फ्रेंचमार्गे आला. स्किन्देरेशी नाते असेल असे समजून त्याच्या स्पेलिंगमध्ये एस मागाहून चिकटवला.

कॅझमचेही नाते नाही. तो ग्रीक ‘खास्मा’ वरून, मूळ क्रियापद ‘खाइनो’: जांभई देणे, आ वासणे. ‘केऑस’ त्याचाच भाऊ, आणि सतराव्या शतकात फान हेल्मोंट यांनी केऑसवरून घडवलेला ‘गॅस’ हा पुतण्या. लूक १६:२६ मध्ये श्रीमंत माणूस आणि लाजरस यांच्यामध्ये जी मोठी दरी आहे तिला ग्रीकमध्ये खास्मा म्हटले आहे. वुल्गातात, म्हणजे बायबलच्या जुन्या लॅटिन अनुवादात, तिथे चक्क ‘केऑस’ आहे. म्हणजे कॅझममध्ये फाडणारा कोणी नसतो, नुसती मोकळी पोकळी असते. रिफ्ट स्कँडिनेव्हियन भाषांमधून आला, तडकणे-चिरफाळणे या अर्थाने. भूगोलातली ‘खचदरी’ ती हीच.

व्यवहारात ओळखायची खूण क्रियापदात आहे. इंग्रजीत कॅझमवर पूल बांधतात किंवा तो ओलांडतात. स्किझम मात्र जखमेसारखा ‘भरून येतो’ किंवा ‘संपवला जातो’. मराठीतही दरी रुंदावते, बुजते. फूट पडते, मिटते. ‘फूट रुंदावली’ असे लिहायची पाळी आली तर मूळ शब्द कॅझम किंवा रिफ्ट तर नाही ना, हे एकदा पाहावे.

धर्मग्राम

हेरेसी आणि स्किझम या दोन्हींना ‘पाखंड’ म्हटले तर अर्थ पार उलटेल, म्हणून हे थोडे सविस्तर.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधानसंहितेत ७५१ व्या कलमात तीन गुन्ह्यांच्या व्याख्या लागोपाठ आहेत. बाप्तिस्मा झालेल्याने श्रद्धासत्य हट्टाने नाकारणे किंवा त्यावर हट्टाने संशय घेणे म्हणजे हेरेसी. ख्रिस्ती श्रद्धा समूळ सोडणे म्हणजे अपॉस्टसी, धर्मत्याग. पोपांची अधीनता, किंवा पोपांच्या अधीन असलेल्या सभासदांशी सहभागित्व (एकाच मंडळीचे म्हणून उपासनेत एकत्र असणे) नाकारणे म्हणजे स्किझम. पहिल्यात वाद ‘काय मानायचे’ यावर असतो, तिसऱ्यात ‘कोणाचे ऐकायचे आणि कोणाबरोबर वेदीशी उभे राहायचे’ यावर. थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच ही विभागणी स्पष्ट केली होती: हेरेसी श्रद्धेविरुद्धचे पाप, स्किझम प्रीतीविरुद्धचे.

फरक पाहायला इंग्लंडचा आठवा हेन्री घ्या. १५२१ मध्ये लूथरविरुद्ध लिहिल्याबद्दल पोप दहावे लिओ यांनी त्याला ‘श्रद्धारक्षक’ हा किताब दिला. १५३४ च्या कायद्याने तोच इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला आणि रोमशी संबंध तुटला. तरीही १५३९ च्या सहा कलमांत भाकर-द्राक्षारसाचे तत्त्वांतर (ते ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात ही श्रद्धा) आणि पुरोहितांचे ब्रह्मचर्य त्याने कायम ठेवले. सिद्धांत बराचसा जुनाच, अधिकार मात्र तोडलेला. याला ‘पाखंड’ म्हटले तर वाचकाला वाटेल की हेन्रीने नवे मत मांडले.

साल दोन ठिकाणी वेगळे असणे मुद्रणदोष नाही. ‘ग्रेट स्किझम’ हे नाव दोन निराळ्या घटनांना आहे आणि अनुवादात सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

पहिली घटना पूर्व-पश्चिम फुटीची. १६ जुलै १०५४ रोजी कार्डिनल हम्बर्ट यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या वेदीवर तिथले पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) मायकेल केरुलारिओस यांच्या बहिष्काराचे पत्र ठेवले. ज्यांच्या नावाने ते आले होते ते पोप नववे लिओ एप्रिलमध्येच वारले होते. पॅट्रिआर्कनीही उलट बहिष्कार घातला. पण त्या दिवशी दोन चर्च वेगळी झाली असे लिहू नका. बहिष्कार व्यक्तींवर होते, दुरावा शतकानुशतके साचत होता, आणि १२०४ मध्ये क्रूसेडच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटल्यावर तो खऱ्या अर्थाने सामान्य माणसापर्यंत पोचला. ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरास यांनी ते परस्परबहिष्कार मागे घेतले. सहभागित्व मात्र अजून पूर्ववत झालेले नाही. ‘१९६५ मध्ये फूट मिटली’ हे वाक्य म्हणूनच चूक ठरते.

दुसरी घटना पश्चिमेच्या पोटातली, १३७८ ते १४१७ ची. एप्रिलमध्ये कार्डिनलांनी सहावे अर्बन यांना निवडले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यातल्याच बहुतेकांनी ती निवड दडपणाखाली झाली असे सांगून सातवे क्लेमेंट यांना निवडले. एक रोममध्ये, एक आव्हिन्यॉमध्ये. हा पेच सोडवायला भरलेल्या १४०९ च्या पिसा परिषदेने तिसरा पोप उभा केला, कारण आधीच्या दोघांपैकी कोणीच हटला नाही. अखेर कॉन्स्टन्सच्या परिषदेने नोव्हेंबर १४१७ मध्ये पाचवे मार्टिन यांना निवडून हे संपवले. इथे सिद्धांताचा वाद औषधालाही नव्हता. सिएनाची संत कॅथरिन रोमच्या बाजूला आणि संत विन्सेंट फेरर आव्हिन्यॉच्या बाजूला. पुढे दोघांनाही संतपद मिळाले.

अनुवादात पहिलीला ‘पूर्व-पश्चिम महाफूट’ आणि दुसरीला ‘पोपपदाची फूट’ अशी दोन वेगळी नावे ठरवून टाका. मूळ मजकुरात नुसते ‘ग्रेट स्किझम’ असेल तर शतक पाहून योग्य नाव घाला.

भाणक

बौद्ध साहित्याचा अनुवाद करणाऱ्यांना हा शब्द उलट दिशेने भेटतो. पालीतल्या ‘संघभेद’ला इंग्रजीत सर्रास स्किझम म्हणतात. अशा मजकुराचे मराठी करताना ‘फूट’ लिहिणे म्हणजे हातात असलेली नेमकी संज्ञा टाकून देणे होय.

विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, संघभेदाला काटेकोर अटी आहेत. त्यातल्या चुल्लवग्गाच्या सातव्या खंधकात (प्रकरणात) बुद्धांचा शिष्य उपाली विचारतो की भेद नेमका कधी होतो. उत्तर असे: एका बाजूला चार भिक्षू, दुसऱ्या बाजूला चार, आणि नववा तो जो आपला पक्ष मांडून शलाका (मतदानाची काडी) घ्यायला लावतो. नऊ किंवा अधिक असतील तरच संघभेद. त्याहून कमी असतील तर ‘संघराजि’. राजि म्हणजे रेघ, भेग. संघाला तडा गेला, पण तो फुटला नाही. शिवाय सगळे भिक्षू एकाच सहवासातले आणि एकाच सीमेतले (संघाने आखलेल्या हद्दीतले) हवेत, आणि दोन्ही गटांनी उपोसथ (पाक्षिक नियमपठण), पवारणा (वर्षावासाअखेरचा विधी), संघकर्म (संघाचे औपचारिक कामकाज) वेगळे करायला हवे. भिक्षुणी, श्रामणेर किंवा उपासक भेदासाठी खटपट करू शकतात, भेद करू शकत नाहीत. नुसता मतभेद किंवा भांडण म्हणजे संघभेद नव्हे. देवदत्ताने पाच नियम सक्तीचे करा असा आग्रह धरला (अरण्यवास, भिक्षान्न, चिंध्यांची चीवरे, वृक्षमूळी वास, मत्स्यमांसत्याग), तेवढ्याने भेद झाला नाही. त्याने शलाका घ्यायला लावून ५०० भिक्षू गयासीसाला नेले आणि तिथे तो झाला.

अशोकाचे सारनाथ, सांची आणि कौशांबीचे स्तंभलेख इंग्रजीत ‘स्किझम एडिक्ट’ म्हणून ओळखले जातात. भिक्षू किंवा भिक्षुणी, जो कोणी संघ फोडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून आवासाबाहेर ठेवावे, असा त्यांचा आशय. पांढरी वस्त्रे गृहस्थाची, म्हणजे चीवर काढून घेणे. विनयाच्या अटींप्रमाणे भिक्षुणी भेद करू शकत नाही, आणि लेखात तर तिचा उल्लेख आहे. तेव्हा लेखाचा अनुवाद विनयाच्या व्याख्येत कोंबू नये. ‘संघ फोडणे’ हे साधे क्रियापद तिथे जास्त खरे.

बौद्धांचे अठरा निकाय (संप्रदाय) झाले त्या प्रक्रियेलाही इंग्रजीत स्किझमच म्हणतात. तिथे ‘निकायभेद’ लिहावे. संघभेद एका सीमेतल्या एका संघात होतो. निकाय वेगळे होणे ही अनेक प्रदेशांत लांबत गेलेली गोष्ट आहे.

जाता जाता, धातुपाठ यांच्या मुद्द्याला जोड: ‘भेद’मधला ‘भिद्’ हा लॅटिन ‘फिन्देरे’चा भाऊ. इंग्रजी फिशन आणि फिशर त्याच्यातूनच आले.

अक्षरयात्री

सगळ्यांचे आभार. १०५४ आणि १३७८ चा गुंता सुटला. आता एक अवघड जागा. पुढच्या प्रकरणात ‘गोअन स्किझम’ आणि ‘स्किझमॅटिक’ पाद्री असा उल्लेख आहे, साल १८३८. इथे ‘फुटीर पाद्री’ लिहावे का? गोव्याच्या वाचकाला ते खटकेल अशी धास्ती वाटते.

धर्मग्राम

धास्ती रास्त आहे. पाद्रोआदो म्हणजे पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगीज राजसत्तेला मिळालेला आश्रयाधिकार: बिशपांची नावे सुचवायची आणि खर्चही उचलायचा. दुसरीकडे रोमने १६२२ मध्ये स्थापलेली प्रोपगांडा ही धर्मप्रसाराची संस्था आपले प्रतिनिधी-बिशप थेट पाठवत होती. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले, रोमशी संबंध बिघडले, आणि २४ एप्रिल १८३८ च्या आज्ञापत्राने पोप सोळावे ग्रेगरी यांनी कोचीन, क्रांगानोर, मैलापूर इथला पाद्रोआदोचा अधिकार काढून प्रोपगांडाच्या प्रतिनिधींना दिला. गोव्याच्या पाद्री वर्गाचे म्हणणे असे की राजसत्तेच्या संमतीशिवाय हा अधिकार काढताच येत नाही, सबब आज्ञापत्र लागू नाही. प्रोपगांडाच्या लोकांनी त्यांना स्किझमॅटिक म्हटले. त्यांनी स्वतः हा शब्द कधीच स्वीकारला नाही. पोपांना आम्ही मानतो, असेच ते सांगत राहिले. मिस्सा तीच, संत तेच, संस्कार तेच.

मुंबईत तर १७९४ पासून दोन्ही अधिकार शेजारी शेजारी नांदत होते. एका बेटावर काही धर्मग्राम (पॅरिश) गोव्याच्या आर्चबिशपांचे, काही प्रोपगांडाच्या बिशपांचे. १८५३ मध्ये माहीमच्या चर्चच्या ताब्यावरून संघर्ष इतका चिघळला की मुलकी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. १८५७ आणि १८८६ च्या करारांनी वाद शमत गेला आणि मुंबईतला दुहेरी अधिकार १९२८ मध्ये संपला.

म्हणून ‘स्किझमॅटिक’ हे वर्णन नाही, तो एका पक्षाने दुसऱ्यावर ठेवलेला ठपका आहे. लेखकाने स्वतःच्या तोंडी घातला असेल तरी अनुवादात ठपका कोणाचा ते दिसू द्या: ‘प्रोपगांडाच्या मते फुटीर ठरलेले’. लेखकाचा सूर तटस्थ असेल तिथे ‘पाद्रोआदोनिष्ठ पाद्री’ लिहा. प्रकरणाचे नाव ‘पाद्रोआदो-प्रोपगांडा वाद’ ठेवलेत तर कोणत्याच वाचकावर अन्याय होणार नाही. ‘गोव्याची फूट’ हे नाव पहिल्या उल्लेखाला अवतरणचिन्हात एकदा द्या, म्हणजे इंग्रजी साहित्यात शोधणाऱ्याला धागा मिळेल.

खिळेजुळारी

छपाईच्या बाजूने काही गोष्टी.

‘पंथभेद’ हा कोशातला आवडता प्रतिशब्द आहे, पण जपून वापरा. पंथभेद म्हणजे दोन पंथांमधला फरकही होतो: ‘शैव-वैष्णव पंथभेद’. त्यात फुटण्याची क्रिया नाही. आधी एक होते आणि मग तुटले, हे सांगायचे असेल तर ‘फूट’च बरी. ‘दुफळी’ फक्त दोन गट असताना. १४०९ नंतर तीन पोप आहेत तिथे दुफळी लिहिले तर आकडाच चुकतो. ‘दुही’मध्ये वैर आणि कलह येतो, संस्था वेगळी होणे येत नाही.

‘फूट पडली’ आणि ‘फूट पाडली’ यांतला फरक संपादनात हटकून हरवतो. इंग्रजी वाक्यात कर्ता नसेल तर ‘पडली’; कोणावर जबाबदारी टाकलेली असेल तरच ‘पाडली’. या विषयात एका कान्याने आरोप सिद्ध होतो.

वर्तमानपत्री इंग्रजीत राजकीय पक्षांबद्दलही स्किझम लिहितात. तिथे आपल्याकडे ‘उभी फूट’ रुळलेली आहे, पण ती वरपासून खालपर्यंत संघटना दुभंगली तरच. १९०७ च्या सुरत अधिवेशनात जहाल-मवाळांची फूट पडली. त्याआधी होते ते मतभेद. चार नेते नाराज असतील तर तिथे मुळात इंग्रजी शब्दच सैल वापरलेला असतो, तुम्ही ‘मतभेद’ लिहून तो सुधारू शकता.

‘हेरेसी’ला ‘पाखंड’ चालेल, कारण मराठीत आता त्याला निंदेचा अर्थ आला आहे. फक्त अशोकाच्या लेखांतला ‘पासंड’ निव्वळ ‘संप्रदाय’ या अर्थाचा आहे, आणि ग्रीक ‘हाइरेसिस’ही आधी ‘निवड, विचारशाखा’ एवढाच होता. प्राचीन काळावरच्या प्रकरणांत ‘संप्रदाय’ लिहा.

सूचीत ‘स्किझम’ अशी एकच नोंद करून सगळी पाने तिच्यापुढे ओतू नका. ‘फूट, पूर्व-पश्चिम’, ‘फूट, पोपपदाची’, ‘पाद्रोआदो-प्रोपगांडा वाद’ अशा वेगळ्या नोंदी करा आणि ‘स्किझम’खाली फक्त ‘फूट पाहा’ एवढे द्या. जोडाक्षर ‘स्कि’ असल्यामुळे ती नोंद ‘स’च्या अगदी शेवटाकडे जाईल, ‘सिझम’ शोधणाऱ्यासाठी तिथेही एक ओळ ठेवा.